कोऱ्या हाताचा चिरूट

"मान सरळ ठेव गं, वघळ खाली चाललाय," हौसा म्हणाली आणि माझ्या टाळूवर तिनं तेलाची आणखी एक धार सोडली.

भाऊबीजेची संध्याकाळ होती. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून हौसा घाईघाईनं परड्यात जाऊन चंद्राला ओवाळून आली होती. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. हौसाला भाऊ होता. तोच माझा नवरा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात विषमज्वरानं गेला. तेव्हापासून ती दर दिवाळीला निपाणीहून माहेरी यायची, ताट घेऊन परड्यात एकटी उभी राहायची, आणि आत आली की माझ्यावर खेकसायची. रडणं तिला जमत नसे.

त्या वर्षी येताना तिनं चमेलीच्या तेलाची बाटली आणली होती. मला पाटावर बसवून, पाठीमागं गुडघे रोवून ती बसली. भाऊ असता तर त्यानं मला ओवाळणी घातली असती, तो नाही तर मीच त्याच्या माणसाला घालते, गुमान बस, असं तिचं चाललं होतं.

"वन्सं, उद्यापास्नं परखीचे चिरूट वळायचेत," मी म्हटलं. "असलं तेल चालतंय व्हय?"

"केसाला लावतीया, हाताला न्हवं. सकाळी शिकेकाईनं न्हा. जातंय सगळं."

मी उठले नाही. कुणाची तरी बोटं माझ्या केसांतून फिरत होती, आणि ती थांबू नयेत असं वाटत होतं, एवढंच.

आता त्या पडवीत पिठाची गिरणी आहे. तेव्हा तिथं आमचा चिरुटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर घराची लांबट पडवी आणि भिंतीला लागून मांडलेले वळणाऱ्या बायांचे पाट. वेदगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत आलेला तंबाखू, वर्ष-दोन वर्षं माळ्यावर मुरत घातलेला. गावात विड्या घरोघरी वळत होत्या, पण वीतभर लांब, बोटाएवढा जाड, पानात पान गुंडाळलेला चिरूट फक्त आमच्या घरात व्हायचा. माझे सासरे केरबा. गाव त्यांना आण्णा म्हणायचं, मी मामंजी. त्यांच्या वडिलांनी हे काम कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर राहून शिकून आणलं होतं, असं ते सांगत.

तंबाखूचं पान फार लागट. शेजारी जे असेल त्याचा वास ते स्वतःला लावून घेतं आणि मग सोडत नाही. म्हणून वळायच्या दिवसांत आमच्या घरात फोडणी पडत नसे. देवापुढं उदबत्ती नाही, नुसता दिवा. हात धुवायचे ते चुलीतल्या राखेनं आणि कढत पाण्यानं. गजरा माळून आलेल्या बाईला मामंजी उंबऱ्यावरूनच घरी धाडायचे. त्यांचं स्वतःचं नाक मात्र तपकीर ओढून ओढून कामातून गेलेलं होतं. "माझं नाक म्हंजे चष्मा ठेवाय केलेली सोय हाय," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. म्हणून तर नियम एवढे कडक. ज्याला वास येत नाही त्याला वासाचा धाक जास्त.

मुंबईच्या कंपनीला जो उंची माल जायचा तो माझ्या हातचा. मामंजी कौतुकानं म्हणत, "अंबूचा हात कोरा हाय." सगळ्यांना ती शाबासकी वाटायची, मलाही वाटायची. हळदीकुंकवाला जायचं नाही, फूल माळायचं नाही, मेंदी लावायची नाही, कडेवर घ्यायला लेकरू नाही. चिरुटाला जे हवं असतं ते सगळं माझ्या हाताला होतं, म्हणजे कसलाच वास नव्हता.

दर वर्षी दिवाळी सरली की कंपनीचा परखी, म्हणजे झुरका घेऊन माल पारखणारा, यायचा. सुबराव निकम त्याचं नाव. कोल्हापूरचा, सावळा, उंच, आणि उंची लपवावी तसा जरा वाकून चालणारा. माणूस तिशी ओलांडलेला, पण लग्न झालेलं नव्हतं. जिभेच्या राखणीसाठी तो तिखट खात नसे, चहा पीत नसे, ताकभातावर राहायचा. जन्मभर आळणी खाणाऱ्या माणसाला पोरगी कोण देणार, असं हौसा म्हणायची.

तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, आणि मी त्याच्याशी बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. मी आतल्या दाराआड उभी राहून ऐकायची. तो चिरुटाबद्दल बोलायचा. पान भरताना घाई केलेली नाही म्हणायचा. इथं शीर राहिली होती, ती वळणारीनं मागाहून उकलून काढली आणि परत वळला, असं म्हणायचा, आणि ते खरं असायचं. एका वर्षी त्यानं झुरका घेतला, चिरूट बोटांत फिरवला आणि मामंजींना म्हणाला की हा वळताना बाई कसला तरी विचार करत होती, मध्येच हात सैल पडलाय. मामंजी हसले. मी दाराआड होते तिथंच भिंतीला टेकले. माझ्याबद्दल एवढं कुणी कधी बोललं नव्हतं.

हौसानं वेणीचे पेड घातले आणि एकदम आवाज खाली आणला.

"औंदा निकम का येणार हाय, ठावं हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं ते एवढंच की कंपनीला वर्षभराचा माल एकाच ठिकाणाहून घ्यायचा होता. आमच्याकडून, नाहीतर खाली मद्रासकडच्या एका गावातून. परखी इथं पास म्हणाला तर इथं. ज्या गावाला काम लागेल तिथं कंपनीचा माणूस म्हणून त्यानंच राहायचं होतं.

"माल पास झाला तर आण्णा त्याला परड्याकडची खोली देणार हायत," हौसा म्हणाली. "आन मग त्याच्यापाशी बोलणार हायत."

"काय बोलणार?"

"काय बोलणार इचारतीया. तुझं, दुसऱ्या कुणाचं?"

आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न करून देतात. पण सासऱ्यानं आपल्या सुनेचा पाट आपल्याच दारात लावून दिला, असं आमच्या गावात तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं. मी मान वळवायला गेले, तर तिनं वेणी ओढून धरली.

"मामंजी म्हणलं तसं?"

"मला न्हाई म्हणलं. म्हशीला म्हणत हुतं, धार काढताना. मी गोठ्याच्या मागं हुते."

"आन पास न्हाई झाला तर?"

"तर तो जाईल मद्रासला, आन तू बसशील चिरूट वळत," हौसा म्हणाली. मग तिनं वेणी घातली, सोडली, आणि पुन्हा घातली.

सकाळी मी शिकेकाईनं न्हाले. एकदा न्हाले, वाळवून पाहिलं, पुन्हा न्हाले. कोपरापर्यंत राख लावून हात धुतले. डोक्याला फडकं बांधलं. मग माळ्यावरून मामंजींनी उतरवून दिलेली पानं ओल्या कापडात घेऊन पडवीत बसले.

मुरलेल्या पानाला ओल दिली की ते कातड्यासारखं मऊ होतं. मधली शीर एका ओढीत निघाली पाहिजे, पान फाटता कामा नये. पोटातली पानं हातात जुळवायची, ती दाबायची नाहीत, नुसती एकमेकांना भेटवायची. मध्ये वाऱ्याला वाट ठेवायची. त्यावर एक पान बांधायचं, आणि सगळ्यात वर, ज्याला नदीकाठच्या रेतीसारखा रंग आहे असं निवडक पान तिरकं गुंडाळत न्यायचं. तोंडाशी खळीचा एक ठिपका. बाकीच्या बाया सणामुळं घरी होत्या. परखीचे चिरूट एकाच हातचे असायचे. मी एकटीच होते, आणि कुणी नसलं की वळताना मला ओवी सुचायची.

*वळीते चिरूट, धूर जाई लांबच्या गावा*
*माझ्या हाताचा गं त्याला ठाव कसा लागावा*

दोनदा न्हाल्यामुळं केस भुरभुरे झाले होते. फडक्यातून सुटून सारखे कपाळावर यायचे. मी ते मागं सारायची आणि वळत राहायची. चिरूट असे उतरत होते की मलाच नवल वाटत होतं. मध्ये कुठं हात सैल पडला नाही. सगळे सागवानी पेटीत ठेवले, झाकण लावलं, आणि परखी येईपर्यंत पेटी उघडायची नाही म्हणून मामंजींनी तिच्यावर आपलं उपरणं टाकून ठेवलं.

परखी आला त्या दिवशी पडवी नुसत्या पाण्यानं सारवल्यासारखी पुसली होती. मामंजी धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून दारात. हौसा त्यासाठी मुद्दाम निपाणीहून परत आली होती. सकाळच्या मोटारीतून सुबराव उतरला तेव्हा आम्ही दोघी दाराच्या फटीतून बघत होतो. दर वर्षी त्याच्या खांद्याला कापडी पिशवी असायची. त्या दिवशी हातात पत्र्याची ट्रंक होती, आणि वर वळकटी बांधलेली.

हौसानं मला दंडाला चिमटा काढला.

मामंजींनीही ट्रंक पाहिली. हे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो जरा घोटाळला. म्हणाला, जिथं काम ठरेल तिथनंच कंपनीला कळवायचं आहे, पुन्हा कोल्हापूरला जायला सवड मिळणार नाही, म्हणून होतं ते सगळं घेऊन आलोय. मामंजी म्हणाले, ट्रंक आत घेऊन या, पायरीवर कशाला ठेवताय. तो म्हणाला, असू दे, आधी काम. पण म्हणताना त्यानं एकदा परड्याकडच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. खोली झाडून घेतलेली होती. ते त्याला दिसलं असणार.

मग तो पाटावर बसला. कोमट पाण्यानं चूळ भरली. मामंजींनी पेटी त्याच्यापुढं उघडली, आणि त्यानं डोळे मिटून एक चिरूट निवडला.

आमच्या घरात परखीचा चिरूट परखी पेटवत नसे. जिनं वळला तिनं पेटवायचा. कुठल्या बाजूला पान जाड आहे, आग कुठून आधी धरेल, हे तिच्या बोटांना माहीत असतं. शिवाय आपल्या मालाची आग आधी आपण तोंडाला लावायची, मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, असं मामंजींच्या वडिलांचं म्हणणं होतं. काडी ओढायची नाही, गंधकाचा वास लागतो. बाभळीचा निखारा चिमट्यात धरून त्यावर पेटवायचा. मी दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीकडं तोंड करून बसायची. चार-दोन झुरके घेऊन आग सगळीकडून सारखी धरली की चिरूट पितळेच्या तबकात ठेवायचा आणि तबक उंबऱ्यावरून बाहेर सरकवायचं. तो तबकातून उचलायचा आणि तोंडाला लावायचा.

वर्षातून एकदा. यात गैर काही आहे असं कुणाला वाटत नसे, कारण तो धंद्याचा भाग होता. मलाही तसंच वाटत असल्याचं मी दाखवायची.

मी निखारा निवडला. चिरूट फिरवत फिरवत त्यावर धरला, आणि पान लाल झालं तसा पहिला झुरका घेतला.

आधी तंबाखू आला, आमचाच, ओल्या मातीचा आणि गुळाच्या कढईचा. मग त्याच्या पाठीमागून, अगदी हळू, चमेली आली.

मी झुरका तोंडातच धरून बसले. हौसा शेजारी उभी होती, तिला काही कळलं नाही. दुसरा झुरका घेतला. होतीच. पेटीच्या बंद काळोखात इतके दिवस मुरून ती पानाच्या आतवर गेली होती. भाऊबीजेची संध्याकाळ, माझे केस, कपाळावरून मागं सारलेला हात, सगळं त्या धुरात होतं.

बाहेर मामंजी म्हणाले, "अंबू, झालं का गं?"

पेटीत बाकीचे चिरूट होते. पण माझा हात न लागलेला त्यात एकही नव्हता. चिरूट हातातून पडला, फुटला, असं म्हणता आलं असतं; मग दुसरा पेटवावा लागला असता, आणि त्यातही हेच. सांगायचं म्हटलं तर सासऱ्याला काय सांगायचं होतं, आणि कुठल्या शब्दांत? मी तिसरा झुरका घेतला. आग सारखी धरली होती. तोंडाशी पान किंचित ओलं झालं होतं. मी चिरूट तबकात ठेवला आणि तबक उंबऱ्याबाहेर सरकवलं.

त्यानं उचलला.

दर वर्षी तो पहिल्या झुरक्यालाच बोलू लागायचा. त्या दिवशी बोलला नाही. डोळे मिटून धूर तोंडात धरला, सोडला, पुन्हा ओढला. राख पांढरी, घट्ट, बोटाच्या पेराएवढी झाली तरी पडली नाही. मामंजी राखेकडं बघून खूश झाले. मग गप्पच बसलेल्या त्याच्याकडं बघून अस्वस्थ झाले.

"काय हो निकम, जीभ पोळली का काय?"

त्यानं डोळे उघडले. आधी तबकाकडं पाहिलं, मग दाराकडं.

"आण्णा, पान उत्तम हाय," तो म्हणाला. "आन हात... एवढ्या वर्षांत मी असा वळलेला चिरूट बघितला न्हाई."

"मग?"

"वास लागलाय."

मामंजींचा चेहरा पडला. "कसला वास?"

हौसानं तोंडावर पदर दाबला. तिला आता कळलं. परखी वासाचं नाव सांगितल्याशिवाय राहत नसतात. एकदा त्यानं सांगितलं होतं की हे पान जिथं वाळलं तिथं शेजारी कुणीतरी काजू भाजत होतं, आणि खरंच भाजत होते. त्याला तेलाचं नाव माहीत होतं. बाटलीवरचं चित्रसुद्धा सांगता आलं असतं. दाराच्या आत घरात दोनच बाया, आणि त्यांतल्या एकीनं केसाला वासाचं तेल लावायचं नसतं, हेही त्याला माहीत होतं.

त्यानं राखेकडं पाहिलं.

"पानालाच असंल," तो म्हणाला. "वाळत घातलं तवा शेजारी कायतरी फुललं असंल. माणसाचा दोष न्हाई, आण्णा."

"आमच्या शेताशेजारी ऊस हाय. उसाला कसलं फूल आन कसला वास?"

मामंजींनी दुसरा चिरूट घेऊन बघा म्हटलं. एका हाताचे, एका पेटीतले, सगळ्यांत तेच असणार, असं त्यानं सांगितलं. मामंजी जरा घुटमळले आणि मग जे ते कधी कुणाला म्हणाले नसते ते म्हणाले, की एवढ्या वर्षांचा आपला संबंध आहे, बारीकसा वास, मुंबईत कुणाला कळणार. तेव्हा सुबराव खाली बघून म्हणाला की साहेबाला पहिल्या झुरक्याला कळेल. मला काढतील त्याचं काही नाही, पण तुमच्या दारात कंपनी पुन्हा पाऊल टाकणार नाही. आज मी नको म्हटलं तर निदान तुमचं नाव शाबूत राहील.

मामंजींनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि त्याचाच त्यांना त्रास होत होता. वाळूची वाटी त्यांनी त्याच्यापुढं सरकवली.

परखी चार झुरके घेतो आणि चिरूट वाळूत खोचून विझवतो. उरलेला मामंजी संध्याकाळी ओढायचे, गावातल्या दोघाचौघांना बोलावून. परखी माल तपासतो, ओढत नसतो. ज्याला आवड लागली त्याची जीभ गेली, असं त्यांच्यात मानतात. मामंजींनी ही गोष्ट आम्हाला किती वेळा सांगितली होती.

सुबरावनं वाटीकडं पाहिलं, आणि चिरूट पुन्हा तोंडाला लावला.

मामंजींना वाटलं, तो फेरतपासणी करतोय. ते पुढं सरकून बसले. डोळ्यांत आशा आली. एक झुरका झाला, दुसरा झाला. धूर सावकाश वर जायचा, तुळईला लागायचा आणि खाली यायचा. आता तो वास आतपर्यंत येत होता. तंबाखू कमी होत होता आणि चमेली वाढत होती, किंवा मला तसं वाटत होतं. उंबऱ्यावरचं ऊन सरकत भिंतीपाशी गेलं.

"परत बघताय व्हय, सुबराव?" मामंजींनी अखेर विचारलं. ते त्याला कधी नावानं हाक मारत नसत. "काय फरक वाटतोय?"

"न्हाई, आण्णा. पारख झाली."

"मग?"

"आता वडतोय."

मामंजी त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूहळू मान वळवली. मी उठून दारात आले होते. डोक्यावरचा पदर कधी खाली आला मला कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या केसांकडं पाहिलं. त्यांना वास येत नव्हता, पण वेणी दिसत होती, हौसानं त्या सकाळी पुन्हा घातलेली. त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि तशीच मिटून खिशात ठेवली.

"आता तरी आण्णा बोलतील," हौसा माझ्या कानाशी म्हणाली.

मामंजींनी तोंड उघडलं होतं. मी बघितलं. मग त्यांनी ते मिटलं. नंतर कधीतरी, बऱ्याच दिवसांनी, धार काढताना त्यांचं म्हशीपाशी चाललेलं बोलणं या वेळी मी ऐकलं. माल नापास केलेल्या माणसापुढं लगेच सुनेची गोष्ट कशी काढायची; त्याला वाटलं असतं की म्हातारा सौदा करतोय. आणि त्या माणसानंही, नुकतंच ज्याच्या घरचं वर्षभराचं काम घालवलं त्याच्याकडं, कुठल्या तोंडानं काही मागायचं? दोघं चांगली माणसं होती. दोघं समोरासमोर बसून राहिली आणि मध्ये धूर होता.

त्यानं घाई केली नाही. झुरका घेतला की तो थांबायचा, धूर निघून जाऊ द्यायचा, मग दुसरा. आग मधल्या भागापाशी आली, तिथून खाली. बोटांना चटका बसू लागला तसा त्यानं चिरूट नखांत धरला. उरलं ते वाळूत ठेवलं तेव्हा ते एवढंसं होतं की मामंजींना ओढायला काही राहिलं नव्हतं.

मग तो उठला. बेळगावची मोटार गाठायची होती, तिथून पुढं मद्रासची गाडी. मामंजींनी ताकभात घेऊन जा म्हटलं, तर तोंडात आता काही घालायचं नाही म्हणाला. पायरीवर जाऊन ट्रंक उचलली. दोन पावलं गेला, ट्रंक खाली ठेवली आणि परत येऊन पडवीत उभा राहिला, आतल्या दाराकडं तोंड करून. मामंजी तिथंच होते. हौसा बाजूला झाली.

"पेटवला तवाच तुमास्नी कळलं असंल," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं.

"तरी तबकात ठेवला."

"व्हय."

त्यानं मान हलवली, काम करताना एखादी गोष्ट मनासारखी उतरली की हलवायचा तशी.

"बरं केलं," तो म्हणाला.

त्याचं माझं बोलणं झालं ते एवढं. पुढं तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडून त्याच्याबद्दल कधीमधी कानावर यायचं, खाली तिकडंच आहे, भाषा शिकलाय. मग तेही येईनासं झालं.

मामंजी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले आणि पाटावर बसले. मोटारीचा आवाज झाला, वळणावर गेला, बारीक झाला. पारख संपली की दारं-खिडक्या सताड उघडायच्या, सुपानं वारा घालून धूर बाहेर काढायचा, नाहीतर तो माळ्यावर चढतो आणि पुढच्या वर्षीच्या पानांत जाऊन बसतो, असा आमच्या घरचा नेम. सूप हौसाच्या हातात होतं.

मी दारापाशी गेले. रस्त्यावर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी लावली.

"अगं, खुळी हायस काय," हौसा म्हणाली. "उघड ते. माळ्यावरचं सगळं पान जाईल."

मामंजींनी हात वर करून तिला थांबवलं. ते छताकडं बघत होते. तुळईखाली धूर अजून तसाच तरंगत होता, निळसर, न हलता.

"खिडकी बी लाव, पोरी," ते मला म्हणाले.